घरची गाडी आणि दोन डब्यांचें अस्तर

आमच्या पडवींत एक निळी चेतक स्कूटर उभी आहे. ती थोरल्या बंधूंची. त्यांना जाऊन सहा वर्षें झालीं. पण दसऱ्याच्या दिवशीं तिला हळदकुंकू वाहून झेंडूचा हार घालण्याचें वहिनींनीं एकदांहि चुकविलेलें नाहीं. या गाडीचें अंग पोलादी पत्र्याचें, आणि आमचें घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. खारी हवा व चार महिन्यांचा पाऊस यांच्यापुढें पत्र्याचा टिकाव तो किती लागणार! पाय ठेवण्याच्या जागीं गंज धरूं लागला, तेव्हां गाडी भंगारांत द्यावी कीं रंगवून ठेवावी, असा प्रश्न घरांत निघाला. वहिनी कांहींच बोलल्या नाहींत, आणि त्यांचें न बोलणें हेंच आम्हांस पुरेसें झालें.

चार वर्षांपूर्वीं मीं स्वतः तिला रंग दिला. कांचकागदानें वरवर घासून, साधा करडा प्रायमर लावून त्यावर सिंथेटिक एनॅमल चढविलें. दिवाळींत गाडी आरशासारखी चमकत होती. पुढल्या श्रावणांत तिच्या अंगावर फोड उठले, आणि नखानें टोंचतांच आंतून तांबडें पाणी आलें. "भावजींनीं किती मन लावून केलें होतें हो!" एवढेंच वहिनी म्हणाल्या. रागें भरल्या असत्या तर बरें वाटलें असतें.

चूक कोठें झाली याचा मग शोध केला. गंजाला पाणी आणि प्राणवायु हे दोन्ही लागतात. मीठ त्यांचें काम सोपें करतें. साध्या अस्तराला सूक्ष्म छिद्रें असतात व त्यांतून ओल पत्र्यापर्यंत उतरते. त्यांतून मीं तर खड्ड्यांतला गंज तसाच ठेवून त्यावर रंगाचें पांघरूण घातलें होतें. इपॉक्सी प्रायमर निराळ्या जातीचा. तो दोन डब्यांत येतो. एकांत राळ, दुसऱ्यांत तिला कठीण करणारें द्रव्य. दोन्ही मिसळलीं म्हणजे त्यांचा रासायनिक संयोग होऊन दाट, चिवट आणि पाण्याला सहसा वाट न देणारा थर बनतो. फुटलेली मूर्ति जोडावयास आपण अरल्डाइटच्या दोन नळ्या मिसळतों, त्यांतलाच हा प्रकार. पिएर कास्तां या स्विस रसायनज्ञानें १९३० नंतरच्या दशकांत ही राळ शोधिली, ती कृत्रिम दांतांच्या कवळीसाठीं! कवळींतून निघालेली वस्तु आमच्या स्कूटरच्या तळाशीं यावी, ही गंमतच म्हणावयाची.

या कामांत रंग देणें हा सर्वांत लहान भाग. खरी मेहनत घासण्याची. आधीं साबणाच्या पाण्यानें व द्रावकानें तेलकटपणा काढावा, मगच घासावें; नाहीं तर तेल ओरखड्यांत मुरतें. गंज पांढरा पत्रा दिसेपर्यंत काढावा. खड्ड्यांसाठीं फॉस्फोरिक आम्लाचें औषध वापरल्यास तें अगदीं धुऊन काढून पत्रा पूर्ण सुकवावा, कारण राहिलेलें आम्ल इपॉक्सीच्या कठीण होण्यांत विघ्न आणतें. भोंक पडलें असेल तर तेथें पत्र्याचा तुकडाच डाखवून घ्यावा. लांबी भरावयाची ती अस्तरावर. उघड्या पत्र्यावर भरलेली लांबी ओल शोषून बसते. उघडा पत्रा रात्रभर ठेवूं नये. आमच्या हवेंत तो सकाळपर्यंत पिंगट होतो.

प्रमाणाच्या बाबतींत माझी पुन्हां फजिती झाली. स्वयंपाकांत मीठ अंदाजानें पडतें, तसें मीं दुसरें द्रव्य अंदाजानेंच ओतलें. तीन दिवस झाले तरी हाताला चिकटतेंच! सर्व खरवडून पुन्हां आरंभ. प्रमाण डब्यावर छापलेलें असतें व तें प्रत्येक कंपनीचें निराळें. मापाच्या भांड्यानेंच घ्यावें. कांहीं जातींस मिसळल्यावर थोडा वेळ थांबवावें लागतें, तेंहि तेथेंच लिहिलेलें असतें. वरचा रंग डब्यावर दिलेल्या मुदतींत द्यावा. मुदत टळल्यास अस्तर पुन्हां घासून घ्यावें लागतें. तें उन्हांत उघडें तर फार दिवस ठेवूंच नये, कारण उन्हानें त्याची पांढरी भुकटी होते. दमट हवेंत त्यावर मेणचट साय येते, म्हणून आम्हीं मार्गशीर्षांतला कोरडा दिवस निवडिला.

आईला दमा आहे, म्हणून सारें काम परसांत आंब्याखालीं, वाऱ्याची वाट पाहून केलें. देवघरांतलें निरांजन आणि द्रावकाची बाटली यांची गांठ पडूं दिली नाहीं. हें द्रव्य कातडीला लागत राहिल्यास जन्मभराची ॲलर्जी जडूं शकते. नायट्राइलचे हातमोजे हवेतच. नाकाला फडकें बांधणें व्यर्थ. कोळशाच्या डब्या असलेला मुखवटा लागतो. फवारणी आम्हीं केलीच नाहीं, कुंचल्यानें भागविलें. वरचा पॉलियुरेथेन रंग मात्र घरीं देण्यास मीं साफ नकार दिला. त्याच्या कठीण करणाऱ्या द्रव्यांत आयसोसायनेट असतें, आणि त्याच्या तुषारांनीं धडधाकट माणसासहि दमा लागूं शकतो. बंदिस्त खोली आणि बाहेरची हवा पुरविणारा मुखवटा असलेल्या कारखान्यांतच तें काम दिलें. पुतण्या चारदोन दिवस रुसला होता.

त्याला गाडी काळी हवी होती. रंग बदलल्यास आर.टी.ओ.कडील नोंदहि बदलून घ्यावी लागते, असें मीं म्हणतांच वहिनी आंतून नोंदणीपुस्तक घेऊन आल्या आणि त्यांनीं "निळा" या शब्दावर बोट ठेविलें.

त्याला आतां दोन पावसाळे झाले. पाय ठेवण्याची जागा अजून गुळगुळीत आहे. मात्र खालच्या दुमडीशीं, जेथें कुंचला पोंचला नव्हता, तेथें वीतभर तांबडी रेघ परवां दिसली. येत्या मार्गशीर्षांत ती तेवढी उघडावयाची आहे.