दुसऱ्या दांड्याची गाडी

दारात मोटार असणे ही चैन की गरज, हा वाद आमच्या घरात पुष्कळ वर्षे चालला. पुढे एक लहान मोटार आली आणि वाद तात्पुरता थांबला. गेल्या वर्षीच्या जुलैत तो निराळ्या रूपाने पुन्हा उभा राहिला, आणि या खेपेस एका रात्रीत मिटलाही.

आमच्या आत्याबाई खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पलीकडे, वडिलोपार्जित घरात राहतात. वय ऐंशीच्या पुढे. पावसाळ्यापुरते तरी बेळगावास चला, असे आम्ही दरवर्षी विनवतो आणि त्या दरवर्षी एकच उत्तर देतात, "अरे, पावसात घर बंद ठेवलं, चूल पेटली नाही, तर भिंती राहायच्या नाहीत." मातीच्या भिंतींविषयीचे त्यांचे हे म्हणणे खोडून काढणे आम्हांस अद्याप साधलेले नाही. डांबरी सडक सोडली की त्यांच्या घरापर्यंत अडीच किलोमीटर तांबड्या मातीची वाट, आणि मध्ये एक ओढा.

त्या रात्री शेजाऱ्यांचा फोन आला. आत्याबाईंना ताप भरला होता, श्वास लागत होता. आम्ही निघालो खरे. पण सडक सोडून अर्धा किलोमीटर गेलो नाही तोच गाडी चिखलात रुतली. पुढची चाके जागच्या जागी गरगरत राहिली. अखेर शेजाऱ्यांनी खुर्चीला दोन वेळू बांधून आत्याबाईंना भर पावसात खांद्यावरून सडकेपर्यंत आणले. फुप्फुसांस सूज होती; आणखी उशीर चालला नसता, असे डॉक्टर म्हणाले. त्या बऱ्या झाल्या आणि गणपतीस आपल्या घरी परतल्या. आम्ही मात्र ठरवले की, चारही चाकांना जोर असलेली गाडी घ्यायची. नवी परवडणारी नव्हती, तेव्हा जुनी.

साध्या मोटारीत इंजिनाची शक्ती दोनच चाकांस मिळते. त्यांतले एक चाक चिखलात घसरू लागले की शक्ती तिथेच वाया जाते आणि दुसरे चाक स्वस्थ बसते. चार चाकांच्या जोराच्या गाडीत ही शक्ती पुढच्या व मागच्या अशा दोन्ही आसांकडे जाते. जुन्या गाड्यांत त्यासाठी गियरच्या शेजारी एक दुसरा दांडा असतो. एका स्थितीत मागचीच चाके चालतात, दुसरीत चारही, आणि तिसरीत चारही, पण अतिमंद गतीने. या तिसऱ्या स्थितीत गाडी माणसाच्या चालीने चालते, परंतु जोर कितीतरी वाढतो. हा दांडा गरजेपुरताच वापरावयाचा. कोरड्या डांबरी रस्त्यावर वळताना पुढची व मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत. त्या वेळी चारही चाके जोडलेली असली तर सगळ्या यंत्रणेवर ताण येतो.

आमची पहिली चूक अशी की, जीपसारखी दिसते ती चार चाकांच्या जोराची, असे आम्ही समजत होतो. महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केल्यापासून हे रूप आपल्या डोळ्यांत भरलेले आहे. परंतु त्या घाटाच्या पुष्कळ गाड्या मागच्या दोनच चाकांवर चालतात. २०१० साली आलेली थार दोन्ही प्रकारांत मिळे, आणि २०२० च्या नव्या थारचीही २०२३ पासून दोन चाकांची आवृत्ती निघाली. १९८५ साली आलेली मारुतीची जिप्सी मात्र चार चाकांच्या जोराची. तेव्हा नाव व रूप यांवर न जाता दुसरा दांडा आहे का, नव्या गाडीत दांड्याऐवजी बटण असल्यास ते आहे का, हे आधी पाहावे. मागे चिकटवलेल्या अक्षरांवर विश्वास ठेवू नये. ती बाजारात सुटी मिळतात.

आम्ही खानापूरचे एक वृद्ध मिस्त्री सोबत घेतले आणि तीन गाड्या पाहिल्या.

पहिली कोल्हापुरास. रुंद टायर, टपावर दिव्यांची रांग, रंग आरशासारखा. आमचे चिरंजीव तिथेच विरघळले. मिस्त्री न बोलता गाडीखाली शिरले आणि बाहेर येऊन म्हणाले, "मास्तर, हिला पुढचा शाफ्टच न्हाई की हो." दुसरा दांडा होता, हलतही होता; पण पुढच्या आसाकडे शक्ती नेणारा दंडच कोणी काढून टाकला होता. दांडा नुसता शोभेचा!

दुसरी गोव्यात, समुद्राजवळच्या गावी. चालली फार कमी, किंमतही बेताची. खालून चासीला नुकताच काळा रंग दिलेला दिसला. मिस्त्रींनी हातोडीने हळूच ठोकत नेले. एका जागी आवाज बद्द आला आणि रंगाखालून गंजाची पापुद्री सुटली. खाऱ्या हवेने चासी आतून खाल्ली होती. इंजिन दुरुस्त होते, गियर बदलता येतात. पण गंजलेली चासी म्हणजे वाळवी लागलेले आढे.

तिसरी आमच्या बेळगावातच, एका काजूच्या बागाईतदाराकडे. रंग उडालेला, दारास पोचा, बैठकीचे रेग्झिन फाटलेले. मिस्त्रींनी आधी बॉनेटवर हात ठेवून इंजिन गार असल्याची खात्री केली. गार इंजिन एका झटक्यात सुरू झाले. धूर निळसर असता तर इंजिन ऑइल खाते असे ठरले असते, तो नव्हता. मग त्यांनी पुढच्या व मागच्या गोळ्याचे बूच उघडून बोट बुडवले. ऑइल काळपट होते. "दुधाच्या चहागत दिसलं असतं, तर वढ्याचं पाणी आत गेलंय म्हणायचं," ते म्हणाले. स्टिअरिंग पुरते वळवून गाडी सावकाश फिरवली, तेव्हा पुढच्या चाकांतून कट् कट् असा आवाज आला नाही. चारही टायर एका मापाचे होते. मापे निरनिराळी असली तर चारही चाके एकत्र जोडली जाताच आतली यंत्रणा झिजते.

खरी परीक्षा शेतात झाली. ओल्या बांधाशी नेऊन दुसरा दांडा टाकला. तो ना अडखळला, ना आपोआप सुटून आला. मागची चाके घसरू लागताच पुढच्या चाकांनी माती धरली आणि गाडी म्हशीच्या संथपणाने वर आली. दांड्याची मूठ वापरून गुळगुळीत झालेली होती. ज्या गाडीचा हा दांडा वर्षानुवर्षे हललेलाच नाही, तिच्यापेक्षा नेमाने वापरलेली आणि निगा राखलेली गाडी बरी, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

सीमाभागातील वाचकांनी कागदपत्रांकडे विशेष लक्ष द्यावे. कोल्हापूरची किंवा गोव्याची गाडी आपल्याकडे स्वस्त दिसते. पण तिकडच्या कार्यालयाचे ना-हरकत पत्र, म्हणजे नमुना २८, हवे. गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ कर्नाटकात राहावयाची तर येथे नव्याने नोंदणी करून येथील आजीवन कर भरावा लागतो. तो किमतीत धरूनच सौदा करावा. पुस्तकावर कर्जाचा बोजा असेल तर तो उतरल्याची नोंद पाहावी, आणि चासीवर कोरलेला क्रमांक पुस्तकातील क्रमांकाशी स्वतः ताडून पाहावा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. विकणाऱ्यांनीही नाव बदलल्यावाचून स्वस्थ बसू नये. पुस्तकावर ज्याचे नाव तोच मालक आणि अपघाताची भरपाईही त्याच्याच माथी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

आणखी एक गोष्ट तरुण वाचकांसाठी. चार चाकांचा जोर गाडी पुढे नेण्यास उपयोगी. थांबवण्यास त्याचा काही उपयोग नाही. निसरड्या उतारावर वेगात सोडलेली ही गाडीही इतर गाडीसारखीच घसरते. आणि पूर आलेल्या ओढ्यापुढे कोणत्याही गाडीची मात्रा चालत नाही. पाणी ओसरेपर्यंत अलीकडेच थांबावे.

तिसरी गाडी आम्ही घेतली. यंदा मिरगाच्या पावसात ती अडीच किलोमीटरची वाट एकदाही न रुतता पार करून अंगणात उभी केली आणि मोठ्या ऐटीने आत्याबाईंना म्हटले, "बसा!" त्यांनी पायरीकडे पाहिले, मग आमच्याकडे. पायरी त्यांच्या गुडघ्याहून उंच होती. चासी, गोळा, शाफ्ट, कागद, सारे पाहिले. जिच्यासाठी गाडी घेतली तिचा पाय तिथवर पोचतो की नाही, एवढेच पाहावयाचे राहिले होते.

गावच्या सुताराने फणसाच्या लाकडाचा दोन पायऱ्यांचा चौरंग करून दिला. तो आता कायम गाडीत असतो. वाचकांनी जुनी गाडी पाहावयास जाताना मिस्त्रींना अवश्य न्यावे. पण घरातील वडीलधाऱ्या माणसासही न्यावे, आणि सौदा ठरण्यापूर्वी एकवार त्यांस गाडीत बसवून पाहावे.