सीआरपी पाहिला, पण श्वास मोजला का?

तापाच्या रुग्णाचे नातेवाईक मोबाइलवरचा रिपोर्ट पुढे करतात आणि विचारतात, "डॉक्टर, सीआरपी वाढलाय, फुफ्फुसाला सूज आली का?" कोरोनाच्या दुसऱ्या लाटेपासून सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन ही नावं श्रीरामपुरात घरोघरी पोहोचली. त्यांचा अर्थ मात्र अर्धवटच पोहोचला.

सेप्सिस, स्वादुपिंडाची सूज, लेप्टो किंवा स्क्रब टायफससारखा बळावलेला ताप यांत सूज सगळ्या शरीरात पसरते. मग फुफ्फुसातल्या केशवाहिन्या पाझरू लागतात आणि हवेच्या पिशव्यांत पाणी भरतं. यालाच एआरडीएस म्हणतात. त्याचं पहिलं वर्णन १९६७ साली 'लॅन्सेट'मध्ये १२ रुग्णांवरून झालं. २०१२ च्या बर्लिन व्याख्येनुसार निदान होतं ते धमनीच्या रक्तातला ऑक्सिजन, एक्स-रे किंवा सीटी स्कॅन आणि आजाराचा कालावधी यांवरून. त्या व्याख्येत सीआरपी नाही, डी-डायमरही नाही.

असं का? सीआरपी यकृतात तयार होतो. पायाला गळू झालं तरी तो वाढतो, लघवीच्या संसर्गातही वाढतो. सूज आहे एवढंच तो सांगतो, कुठे आहे ते सांगत नाही. शिवाय तो वाढायला काही तास लागतात. प्रोकॅल्सिटोनिनवरून जिवाणूंचा संशय बळावतो, फुफ्फुसाची अवस्था कळत नाही. फुफ्फुसाच्या पेशींना इजा झाल्यावर वाढणारे एसआरएजीई किंवा रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून येणारं अँजिओपोएटिन-२ यांवर संशोधन चालू आहे, पण नेहमीच्या लॅबमध्ये या तपासण्या होत नाहीत.

जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीचे निष्कर्ष आले. ऑक्सिजन लागणाऱ्या कोरोना रुग्णांमध्ये डेक्सामेथासोनने मृत्यू कमी झाले. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा झाला नाही. तरीही २०२१ मध्ये नुसता सीआरपी पाहून अनेकांनी घरीच स्टेरॉइड घेतलं. स्टेरॉइडने साखर वाढते आणि म्युकरमायकोसिसला वाट मिळते. त्याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे.

या तपासण्या निरुपयोगी आहेत असं माझं म्हणणं नाही. दाखल रुग्णाची सूज वाढतेय की उतरतेय, हे त्यांवरून कळतं. लॅक्टेट, क्रिएटिनिन, प्लेटलेट यांवरून इतर अवयवांचा अंदाज येतो. पण महागडं पॅकेज करून घेण्याआधी घरी एवढं करा:

• रुग्ण शांत पडलेला असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. मोठ्या माणसात १२ ते २० ठीक. २४ च्या वर गेले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ३० झाले तर थेट रुग्णालय गाठा.
• ऑक्सिमीटर लावताना बोट गरम हवं, नखाला रंग नको. आकडा ९४ च्या खाली गेला तर थांबू नका.
• बोलताना धाप, गुंगी, लघवी कमी होणं, हातपाय गार पडणं: यांतलं काहीही दिसलं तर आकडे चांगले असले तरी निघा.

दमा किंवा सीओपीडी असलेल्यांचे नेहमीचे आकडे वेगळे असू शकतात. ते आपल्या डॉक्टरांकडून आधीच समजून घ्या.

श्रीरामपूरहून लोणी, नगर किंवा नाशिकला रुग्ण हलवायचा तर वेळ लागतोच. "सकाळी रिपोर्ट आला की बघू" म्हणत रात्र घालवलीत, तर ती रात्र परत मिळत नाही. श्वास मोजायला एक मिनिट लागतं आणि पैसा एकही लागत नाही.