आधी पडदा तपासा

हिंजवडीच्या आयटी पार्कला खेटून असलेल्या मारुंजीत इमारतींमागोमाग औषधांची दुकानेही वाढली. दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्यांना तिथे डोळ्यांसाठी ‘अँटिऑक्सिडंट’ गोळ्या सुचवल्या जातात. या गोळ्यांमागचे शास्त्र खोटे नाही. ते अर्धेच सांगितले जाते.

डोळ्याचा पडदा म्हणजे रेटिना. शरीरात सर्वाधिक ऑक्सिजन वापरणाऱ्या भागांपैकी हा एक. त्यावर सतत प्रकाश पडतो आणि त्याच्या पेशींत सहज ऑक्सिडाइज होणारी मेदाम्ले भरपूर असतात. म्हणून तिथली झीजही मोठी. ती गोळ्यांनी रोखता येते का, याचे उत्तर अमेरिकेतील ‘एरेड्स’ चाचणीने २००१ मध्ये दिले. उतारवयात मॅक्युलाची, म्हणजे पडद्याच्या मध्यभागाची, झीज मध्यम टप्प्याला पोहोचलेल्या रुग्णांत क आणि ई जीवनसत्त्वे, बीटा कॅरोटिन व जस्त यांच्या मोठ्या मात्रेने आजार बळावण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे २५ टक्क्यांनी घटला. झीज नसलेल्यांना मात्र फायदा दिसला नाही. शिवाय बीटा कॅरोटिनने धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून २०१३ च्या ‘एरेड्स-२’ नंतर त्याची जागा ल्युटिन आणि झियाझँथिनने घेतली.

तिशीतल्या निरोगी अभियंत्याला यातले काहीच लागू नाही. स्क्रीनमुळे त्याचे डोळे थकतात आणि पापण्या कमी लवल्याने कोरडे पडतात. पडदा झिजत नाही.

त्याच्या पडद्याला खरी भीती आहे ती मधुमेहाची. वाढलेली साखर तिथल्या बारीक रक्तवाहिन्या पोखरते, आणि बरेच नुकसान होईपर्यंत नजर चांगलीच वाटते. हे नुकसान अँटिऑक्सिडंट गोळीने टळते, असे सिद्ध झालेले नाही. साखर व रक्तदाब ताब्यात ठेवणे, वेळेवर लेसर किंवा डोळ्यात इंजेक्शन, हेच उपाय. अशा पूरक गोळ्यांच्या वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापणे आपल्याकडे नियमानेच बंधनकारक आहे. ते वाचतो कोण?

कंपन्या आणि सोसायट्या आरोग्य शिबिरांत बोटातून रक्त घेऊन साखर मोजतात. तिथेच पडद्याचा फोटो काढणारा कॅमेराही ठेवावा. आणि ज्यांना मधुमेह आहे त्यांनी गोळ्यांची बाटली घेण्याआधी बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासून घ्यावा, तोही दरवर्षी.