जुनी जीप घेताना आधी कागद, मग चेसीस, इंजिन शेवटी



उसाचं बिल जमा झालं की आपल्या भागात जुन्या जीपची साथ येते. मोबाईलवर लो बोनेट, मोठे टायर बघायचे आणि इसार देऊन मोकळं व्हायचं. मीही दिला. 15 हजार गेले, म्हणून लिहितोय.

पहिल्या सेल्फला इंजिन सुरू झालं अन् मी खूश. इसार दिल्यावर आरसी नीट वाचली. इंधन पेट्रोल लिहिलेलं, गाडीत डिझेल इंजिन! चेसीस नंबरची पेन्सिल प्रिंट घ्यायला गेलो, तर आकडे घासलेले. इसार बुडाला, पण गाडी गळ्यात पडली नाही.

माझं मत असं, की आपण तपासणी उलटी करतो. इंजिन गावातला मिस्त्री बांधून देतो. कागद आणि चेसीस कुठलाच मिस्त्री बांधून देत नाही.

कागद: सातबाऱ्यावर बोजा बघतो तसा आरसीवर बघा. गाडी 15 वर्षांपुढची असली तर नोंदणीचं नूतनीकरण दर 5 वर्षांनी लागतं, ते झालंय का? दुसऱ्या आरटीओची असेल तर एनओसी हवी. फॉर्म 29 आणि 30 वर सही आरसीवर नाव असलेल्याचीच, मधल्या माणसाची नव्हे.

चेसीस: गाडीखाली झोपा. नंबर आरसीशी जुळवा. वेल्डिंगचे जोड दिसले तर दोन गाड्यांची एक केलेली असू शकते.

पत्रा: लोहचुंबक फिरवा. चिकटत नाही तिथं पुट्टी. चकचकीत रंगापेक्षा जुना, खरा पत्रा बरा.

इंजिन: थंड असताना सुरू करायला लावा, धूर बघा. फोर बाय फोर शेतात घालून बघा, डांबरीवर नको.

‘व्हिंटेज आहे’ म्हणून कुणी भाव चढवला तर फसू नका. 2021 च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे त्यासाठी गाडी 50 वर्षांपुढची आणि मूळ रूपातली लागते. नव्या नोंदणीची फी 20 हजार. तशी नोंद झालेली गाडी रॅली-प्रदर्शनाला चालते, रोज डेअरीला कॅन न्यायला नाही.

हौस वाईट नाही, मलाही आहे. पण आधी ठिबक, खतं, पोरांची फी बाजूला काढा. उरलेल्यातनं हौस, आणि त्यातलाही चौथा हिस्सा दुरुस्तीला राखून ठेवा.

बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो, चार जाणत्यांना विचारतो. जीपलाच तेवढी घाई कशाला?

कुणी इसार द्यायला निघाला असेल, त्याला हे वाचायला द्या.