ज्याचा फोन, त्याचा प्लॅन

किराणा, वीज, मुलांची पुस्तके, लग्नकार्यातील देणीघेणी, अशा घरखर्चाच्या निरनिराळ्या बाबींविषयी या सदरातून आम्ही वाचकांशी वेळोवेळी बोलत आलो आहोत. भ्रमणध्वनीवरील खर्च मात्र आम्ही आजवर लेखाचा विषय मानला नव्हता. महिन्याकाठी तीनचारशे रुपयांची बाब, दुकानदार सांगेल तो प्लॅन भरावा आणि मोकळे व्हावे, अशी आमची समजूत होती. ती समजूत गेल्या वर्षी आम्हांस भोवली, आणि तिचा भुर्दंड आमच्याऐवजी दुसऱ्याच माणसाला भरावा लागला. म्हणून आज हा विषय.

सौंसरला आमच्या काकू राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. मूलबाळ नाही, काकांच्या पश्चात एकट्याच असतात. त्यांच्यापाशी बटणांचा साधा फोन आहे. त्याच्या रिचार्जचे काम आमच्याकडे. ते आम्ही पांढुर्ण्यास बसून आमच्या फोनवरून उरकतो. दररोज दीड जीबी डेटा देणारा, अठ्ठावीस दिवसांचा प्लॅन आम्ही आमच्यासाठी भरीत होतो, तोच त्यांच्यासाठीही भरीत गेलो. काकूंच्या फोनवर इंटरनेट चालत नाही, हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. त्याचा विचार करण्याचा आळस केला, इतकेच. पुढे परीक्षांचे दिवस आले, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले, आणि काकूंची मुदत संपल्याचे आम्ही साफ विसरलो. आधी त्यांच्या फोनवरून जाणारे कॉल बंद झाले. त्याचा त्यांना पत्ताही लागला नाही, कारण त्या आपण होऊन फोन करतातच क्वचित. काही दिवसांनी येणारेही बंद झाले. कंपनीचे इशारे येत होते; परंतु भाषा हिंदी आणि लिपी रोमन. काकू मराठी चौथी शिकलेल्या; पोथी वाचतात, हे त्यांना वाचता येईना.

त्याच आठवड्यात वरूडला त्यांची धाकटी बहीण वारली. तिकडची मंडळी रात्रभर फोन लावीत होती. आमचा क्रमांक त्यांच्यापाशी नव्हता. तिसऱ्या दिवशी एक भाचा स्वतः निघून सौंसरला आला, तेव्हा काकूंना कळले. त्या वरूडला पोहोचल्या तोवर अस्थी वेचून झाल्या होत्या.

आम्ही भेटावयास गेलो तेव्हा त्या रागावल्या नाहीत. "फोन वाजतच नव्हता रे बाबू," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, लोकाइले आता आपलं काम उरलं नाही." कंपनीने नियमाप्रमाणे जे करावयाचे ते केले होते. दोष आमचा होता.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी घरांत फोनला निराळे महत्त्व आहे, हे वाचकांस सांगावयास नको. आमच्या भागापुरते बोलावयाचे तर १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली; नागपूर व विदर्भ मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून सासर एका राज्यात आणि माहेर दुसऱ्या राज्यात अशी कितीतरी घरे येथे आहेत. (पांढुर्णा व सौंसर मिळून २०२३ साली वेगळा जिल्हा झाला, परंतु सोयरिकी आहेत त्याच आहेत.) भ्रमणध्वनी आला तेव्हा त्यानेही हीच सीमारेषा मान्य केली. आमचे मंडळ मध्य प्रदेश व छत्तीसगडचे, पलीकडचे महाराष्ट्र व गोव्याचे. त्यामुळे नागपूरच्या ग्राहकाला पणजी घरची आणि पांढुर्णा परके, असा प्रकार होता. वरूड, नरखेड, सावनेर ही आमची हाकेच्या अंतरावरची गावे, परंतु तेथे बोलावयाचे तर एसटीडी. सीमेलगतच्या शेतात उभे राहिले की पलीकडचा टॉवर फोन पकडी आणि आपल्याच बांधावर उभ्या असलेल्या माणसाला रोमिंग लागे. त्या काळी प्लॅन निवडणे म्हणजे सीमेचा हिशेब करणे होते.

तो हिशेब टप्प्याटप्प्याने संपला. १ मार्च २००६ रोजी बीएसएनएलने 'वन इंडिया' योजना आणली आणि देशात कोठेही एक रुपयात मिनिटभर बोलण्याची सोय झाली. जून २०१५ मध्ये त्याच कंपनीने रोमिंगमध्ये येणाऱ्या कॉलचे पैसे घेणे थांबविले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात उतरली, तेव्हापासून बोलण्याचे मिनिट मोजण्याची रीतच मागे पडली. आज बहुतेक प्लॅनमध्ये देशभर बोलणे अमर्याद असते. तरीही आमच्या परिचयाची काही वयस्क मंडळी मुलाकडे पुण्यास किंवा इंदूरला जाताना वेगळे सिम जवळ बाळगतात. त्याची आता गरज नाही. दोन सिम म्हणजे दोन रिचार्ज.

मग आता मोजावयाचे काय? मोजावयाची ती मुदत आणि मोजावयाचा तो डेटा. बाजारातील पुष्कळ प्लॅन महिन्याचे वाटतात, पण असतात अठ्ठावीस दिवसांचे. वर्षाचे महिने बारा, रिचार्ज मात्र तेरा. ही तक्रार ट्राय या नियामक संस्थेकडे गेल्यावर तिने जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला की प्रत्येक कंपनीने निदान एक तीस दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या ठराविक तारखेला नवा होणारा प्लॅन ठेवलाच पाहिजे. असे प्लॅन आहेत, हे पुष्कळांस माहीत नसते. ज्यांचे घर पगाराच्या किंवा पेन्शनच्या तारखेवर चालते, त्यांनी ते आवर्जून मागावेत.

दुसरी गोष्ट काकूंसारख्यांच्या कामाची. २३ डिसेंबर २०२४ रोजी ट्रायने नियमात दुरुस्ती केली. ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी केवळ बोलणे व संदेश यांचे निदान एक रिचार्ज प्रत्येक कंपनीने द्यावे, आणि अशा विशेष रिचार्जची मुदत नव्वद दिवसांऐवजी ३६५ दिवसांपर्यंत ठेवता यावी, असे तीत सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांनी तसे प्लॅन आणले. उदाहरणादाखल एअरटेलचे त्या वेळचे दर घेऊ. डेटा नसलेला ८४ दिवसांचा प्लॅन ४६९ रुपये, ३६५ दिवसांचा १८४९ रुपये. त्याच कंपनीचा दररोज दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर ३४९ रुपयांचा होता. तेरा वेळा भरला की ४५३७ रुपये. दोहोंतील फरक २६८८ रुपयांचा. दर बदलत असतात, म्हणून वाचकांनी आपल्या कंपनीचा आजचा आकडा घालून हेच गणित करावे. किमतीला दिवसांनी भागावे आणि दर दिवसाचा खर्च काढावा, म्हणजे दुकानातील पाटीवरचा मोठा आकडा फसवीत नाही. वरील हिशेबात वर्षाचा प्लॅन दिवसाला सुमारे पाच रुपये पडतो आणि अठ्ठावीस दिवसांचा साडेबारा रुपये. आम्ही गणिताचे शिक्षक नव्हे, मराठीचे. परंतु हा भागाकार आम्हांसही करता आला असता.

पैशापेक्षाही आम्हांस महत्त्वाचे वाटते ते हे, की वर्षाचा प्लॅन भरला म्हणजे वर्षात विसरण्याची संधी तेरा वेळा न येता एकदाच येते. मात्र एकरकमी भरणे सर्वांस परवडेलच असे नाही. मजुरी करणाऱ्या घरात अठराशे रुपये एका वेळी बाहेर काढणे सोपे नसते. तेथे ८४ दिवसांचा मार्ग बरा. आणखी एक. वर्षभराचे पैसे भरण्यापूर्वी त्या घरात नेटवर्क नीट मिळते की नाही, हे पाहावे. आमचा मुलूख सातपुड्याच्या उतारावरचा. रस्त्यावर चार रेघा दिसतात आणि माजघरात एकही नाही, असे येथे नित्य घडते. कंपन्यांनी आपापले नकाशे प्रसिद्ध केले आहेत, तरी शेजाऱ्याचा फोन घरात आणून, विहिरीपाशी नेऊन लावून पाहणे हीच खरी परीक्षा. जेथे एकाच कंपनीचा टॉवर पोहोचतो, तेथे स्वस्त-महाग हा प्रश्नच उरत नाही.

घरातील इतरांचे थोडक्यात सांगतो. कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला डेटा लागतो, हे मान्य. किती लागतो हे त्याच्या तोंडून न ऐकता फोनच्या सेटिंगमध्ये पाहावे. तेथे महिन्याचा वापर लिहिलेला असतो. दररोजचा डेटा त्या दिवशी वापरला नाही तर बहुधा फुकट जातो. दीड जीबी मिळत असताना अर्धाच लागत असेल, तर कमी डेटाचा प्लॅन घ्यावा आणि परीक्षेच्या किंवा प्रवेशाच्या दिवसांत लागेल तसा वेगळा डेटा भरावा. ज्या घरी वायफाय आहे, त्या घरातील चारही फोनांवर दोन-दोन जीबी भरणे म्हणजे नळ असताना टँकर बोलावणे. आमच्या घरी गेल्या वर्षापर्यंत हेच चालले होते. चित्रपट, क्रिकेट वगैरेंची वर्गणी जोडलेले प्लॅन आम्हांस फारसे रुचत नाहीत; ज्यांना पाहावयाचे आहे त्यांनी घ्यावेत.

कंपनी बदलावयाची झाल्यास क्रमांक तोच राहतो. ही सोय २०ʼ११ च्या जानेवारीपासून देशभर आणि जुलै २०१५ पासून एका मंडळातून दुसऱ्या मंडळातही आहे. 'पोर्ट' हा शब्द रोमन लिपीत, पुढे आपला क्रमांक, असा संदेश १९०० वर पाठविला की एक संकेतांक येतो. तो चार दिवस चालतो. त्याच मंडळात तीन, दुसऱ्या मंडळात पाच कामाचे दिवस लागतात. सध्याच्या कंपनीत नव्वद दिवस झालेले असावेत.

क्रमांक हातचा जाऊ देणे मात्र कोणत्याही काटकसरीत बसत नाही. पेन्शन, बँक, गॅस, आधार, सारे त्या दहा आकड्यांना बांधलेले आहे. नव्वद दिवस अजिबात वापर झाला नाही तर क्रमांक बंद होऊ शकतो. खात्यात निदान २० रुपये असतील तर ते कापून आणखी तीस दिवस तो राखला जातो, असा नियम २०१३ पासून आहे. परंतु क्रमांक राखला जाणे वेगळे आणि त्यावर घंटी वाजणे वेगळे, हे आम्ही आता शिकलो आहोत. बंद झालेला क्रमांक काही काळानंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो, आणि मग बँकेचा संकेतांक त्याच्याकडे जाऊ लागतो. ज्या घरी फोन दिवंगत माणसाच्या नावावर चालू आहे, त्यांनी तो वेळीच आपल्या नावावर करून घ्यावा. काकूंचा फोन काकांच्या नावावरच होता. गेल्या दिवाळीत ते काम आम्ही उरकले.

काकूंना आता वर्षाचा, डेटा नसलेला प्लॅन आहे. मुदतीची तारीख त्यांच्या भिंतीवरील दिनदर्शिकेवर आणि आमच्या शाळेतील टेबलाच्या काचेखाली, अशा दोन ठिकाणी लिहिली आहे. शेजारच्या मुलीस आठवड्यातून एकदा त्या फोनवर घंटी द्यावयास सांगितले आहे. वरूडच्या मंडळींना आमचा क्रमांक दिला. परवा त्यांच्या फोनमधील नावे नीट लावीत असता दोनच्या बटणावर बहिणीचाच क्रमांक दिसला. तो काढून तेथे भाच्याचा घालू का, असे आम्ही विचारले. काकू म्हणाल्या, "त्याचा तीनवर टाक."