उपकरणाचं नाव नको, रुंदी विचारा

गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांचं वेबपान बनवायचं काम मंडळात बहुधा तुमच्यापैकीच कुणाकडे येतं. लॅपटॉपवर पान झकास दिसतं, पण आजोबांच्या फोनवर अक्षरं मुंगीएवढी! म्हणून आज स्टाइलशीटविषयी.

पानाचा मजकूर एचटीएमएलमध्ये असतो. अक्षरांचा आकार, रंग, रकाने सीएसएसच्या स्टाइलशीटमध्ये. पूर्वी जावास्क्रिप्टने ब्राउझरची ओळख, म्हणजे यूजर एजंट, वाचायचे आणि फोनला एक स्टाइलशीट, संगणकाला दुसरी जोडायचे. पण ही ओळख भरवशाची नाही. 2019 मध्ये आयपॅडओएस 13 आल्यापासून बहुतेक आयपॅडवरचा सफारी स्वतःला मॅक संगणकच म्हणवतो. शिवाय फोन आडवा धरला की ओळख तीच राहते, रुंदी मात्र बदलते.

2010 साली ईथन मार्कॉट यांनी ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ची कल्पना मांडली: पान एकच, मांडणी जागेप्रमाणे. तिचा मुख्य आधार मीडिया क्वेरी. ‘रुंदी 600 पिक्सेलपर्यंत असेल तर तीनऐवजी एकच रकाना’ असा नियम सीएसएसमध्येच लिहायचा. तो ब्राउझर स्वतः पाळतो, स्क्रिप्ट लागत नाही. मात्र पानाच्या हेडमध्ये व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग हवाच. तो नसेल तर आयफोनचा सफारी पान 980 पिक्सेल रुंद धरून ते आक्रसून दाखवतो, आणि तुमचा नियम लागूच होत नाही. मुंगीएवढ्या अक्षरांचं कारण बहुधा हेच!

मग स्क्रिप्ट कशासाठी? रुंदीवरून कळत नाही ते माणसाला विचारण्यासाठी. आजोबांची नजर किती अधू झाली आहे, हे मीडिया क्वेरीला कसं कळणार? ‘मोठी अक्षरं’ असं बटण ठेवा. ते दाबल्यावर जावास्क्रिप्टने मूळ घटकाला एक क्लास जोडायचा आणि निवड लोकल स्टोरेजमध्ये जपायची. पुढच्या वेळी त्याच ब्राउझरमध्ये पान उघडताना स्क्रिप्टने ती निवड वाचली, की अक्षरं मोठीच दिसतात. आकार रेम या एककात द्या, म्हणजे सगळी अक्षरं एकदम वाढतील. ओळींमधलं अंतर पिक्सेलमध्ये न देता 1.6 असं पटीत द्या. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर चढतो.

लिंक ग्रुपवर टाकण्यापूर्वी घरातल्या सर्वांत जुन्या फोनवर पान उघडा. एकदा जावास्क्रिप्ट बंद करूनही पाहा. बटण चाललं नाही तरी हरकत नाही, आरतीची वेळ मात्र वाचता आली पाहिजे.