वाळवी आधी ओळखा, मग औषध मारा



गेल्या वर्षी पुतणीच्या जात पडताळणीसाठी आमच्या घरी कागदपत्रांची जुळवाजुळव चालली होती. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा म्हणून सासऱ्यांचा शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. तो सासूबाईंच्या लाकडी पेटीत आहे हे सगळ्यांना ठाऊक होते. पेटी उघडली, तर वरची लुगडी जशीच्या तशी आणि तळाशी कागदांच्या जागी ओलसर माती! गावच्या शाळेने जुने रजिस्टर जपून ठेवले होते, म्हणून त्याचा उतारा मिळाला आणि काम निभावले. पण त्यासाठी दोन महिने हेलपाटे घालावे लागले.

चूक आमचीच होती. पेटीमागच्या भिंतीवर मातीची रेघ दिसली की आम्ही ती खरवडायचो, वर रॉकेल शिंपडायचो आणि वाळवी गेली असे समजायचो. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा तो प्रकार. वाळवी सगळी एकसारखी नसते. ती कोणत्या जातीची आहे हे कळले, तरच औषध कुठे घालायचे ते कळते.

पहिली मातीतली वाळवी. काही भागांत तिला उधई म्हणतात. घरातले बहुतेक नुकसान हीच करते. तिचे घर जमिनीत असते आणि तिला ओल लागतेच. उघड्या हवेत तिचे नाजूक अंग सुकते, म्हणून ती पेन्सिलीएवढ्या जाडीची मातीची नळी बांधून तिच्या आतून ये-जा करते. ही नळी भिंतीवर, चौकटीच्या कडेला किंवा ओट्याखाली सापडते. पोखरलेले लाकूड बोटाने वाजवले तर पोकळ वाजते आणि आत माती भरलेली दिसते. पुस्तके, पुठ्ठे, कपडे हिला काहीच वर्ज्य नाही. नळीचा थोडा भाग मोडून पाहावा. पांढरट किडे पळताना दिसले, किंवा एकदोन दिवसांत नळी पुन्हा सांधली गेली, तर वाळवी चालू आहे हे नक्की. नळी रिकामी मिळाली म्हणून मात्र निर्धास्त राहू नये, वाट दुसरीकडून असू शकते. स्लॅब किंवा पाइप सतत गळत असेल, तर हिच्यातली एखादी जात वरच्या मजल्यावर, भिंतीतही घर करते.

दुसरी कोरड्या लाकडातली वाळवी. हिला माती लागत नाही, वेगळी ओलही लागत नाही. खुर्ची, कपाट किंवा खिडकीची चौकट हेच तिचे घर आणि तेच तिचे अन्न. समुद्रकाठच्या दमट हवेत ही अधिक आढळते. मातीची नळी कुठेच नसते, पण लाकडाखाली खसखशीसारख्या बारीक, कोरड्या दाण्यांची लहानशी रास पडते. झाडून काढली तरी पुन्हा पडते. ती तिची विष्ठा. भिंगातून पाहिले तर प्रत्येक दाण्याला सहा बाजू दिसतात.

तिसरा प्रकार वाळवीचा नव्हेच. लाकडाला किंवा बांबूला टाचणीने टोचल्यासारखी गोल भोके आणि खाली पिठासारखी मऊ भुकटी दिसली, तर तो लाकूड पोखरणारा भुंगेरा, म्हणजे घुण समजावा.

पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाले किडे जमतात. त्यांत मुंग्याही असतात. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, कंबर जाड आणि मिशा सरळ असतात. मुंगीचे पुढचे पंख मोठे, कंबर बारीक आणि मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतात. बाहेरून दिव्यावर आलेल्या किड्यांना घाबरू नये. पण ते घरातल्याच भिंतीतून किंवा चौकटीतून निघत असतील, तर वाळवीने घरातच ठाण मांडले आहे असे समजावे.

आता उपाय. मातीतल्या वाळवीचा बंदोबस्त जमिनीतच करावा लागतो. आधी गळती बंद करावी आणि भिंतीला टेकलेले सरपण, पुठ्ठे, जुनी फळकुटे हलवावीत. मग जमीन व भिंत मिळते त्या सांध्यावर साधारण एकेक फुटावर भोके पाडून त्यांत औषध सोडतात, भोकाला जास्तीत जास्त एक लिटर, आणि सिमेंटने बुजवतात. क्लोरपायरिफॉस किंवा इमिडाक्लोप्रिड ही औषधे यासाठी वापरतात. ती विषारी आहेत. काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे, डब्यावरचे प्रमाण पाळावे, मुले व धान्य दूर ठेवावे आणि विहीर किंवा पाण्याची टाकी जवळ असेल तर ते आधीच सांगावे. पूर्वी यासाठी ऑल्ड्रिन वापरत, त्यावर १९९६ साली बंदी आली. कोणी जुना डबा देऊ केला तर घेऊ नये. रॉकेलाने आग लागण्याचा धोका तेवढा वाढतो, जमिनीतले घर तसेच राहते.

नवे घर बांधत असाल, तर फरशी बसवण्यापूर्वीच जोत्याच्या भरावावर हे औषध मारून घ्यावे. मागाहून फरशी फोडण्यापेक्षा ते केव्हाही स्वस्त पडते.

कोरड्या लाकडातल्या वाळवीसाठी जमिनीत औषध घालणे म्हणजे पैसे वाया. किडलेली वस्तू वेगळी काढावी. फार पोखरलेला भाग कापून बदलावा. बाकीच्या भोकांत सिरिंजने औषध सोडून ती मेणाने किंवा लांबीने बुजवावीत आणि सर्व बाजूंनी रंग द्यावा, आतल्या आणि खालच्या बाजूंनीसुद्धा. जाड लाकूड नुसते उन्हात ठेवल्याने ऊब आतपर्यंत पोहोचत नाही. घुणीलाही हाच उपाय लागू पडतो.

शेवटी कागदांविषयी. दाखले, सातबारा, गुणपत्रिका, जुने फोटो आणि पुस्तके भिंतीला टेकवून ठेवू नयेत. पत्र्याची पेटी चार विटांवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी, म्हणजे वाळवीने नळी बांधलीच तर ती लगेच नजरेस पडते. डांबरगोळ्यांवर विसंबू नये. महत्त्वाच्या कागदांच्या झेरॉक्स दुसऱ्या घरी ठेवाव्यात, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावेत. आणि महिन्यातून एकदा पेटी उघडून तळापर्यंत पाहावी. आम्ही नुसती वरची लुगडी पाहून झाकण लावत होतो.

पुढील पावसाळ्याची वाट न पाहता या रविवारीच तुमची पेटी उघडा.